फायबरच्या बोटीचा पॅच दर पावसाळ्यात त्याच जागी निघतोय? निघालेला तुकडा आधी उलटा करून बघा

तळाला, कण्याच्या डाव्या अंगाला, वीतभर लांबीची चीर. उन्हाळ्यात मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव) लावून बुजवायची, वरून रंग मारायचा, हात पुसायचे. जूनमध्ये बोट पाण्यात. गणपतीच्या आसपास आत पाऊल टाकलं की पायाला गार लागतं. बोट उलटी केली की पॅच एका कडेने उचकटलेला, नख घातलं की शिळ्या भाकरीसारखा अख्खा हातात येतो.

हे माझ्याबरोबर दोनदा झालंय. तुमच्याबरोबर एकदा झालं असेल तर दुसरा पॅच लावायच्या आधी हे वाचा. बोट माझी असली तरी फायबरची टाकी, कारंज्याचं कुंड, टेम्पोचं हूड, सगळ्याला हाच नियम लागतो.

आधी बोटीविषयी थोडं. २०१९ च्या महापुरात आणि परत २०२१ ला कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ ची. माझ्या मेव्हण्याचा मळा प्रयाग चिखलीच्या बाजूला, म्हणजे नद्यांचा संगम अगदी उशाला. २०१९ ला त्यांनी वैरण काढली ती गुऱ्हाळाच्या काहिलीतून. काहिल तरंगते, पण वळते स्वतःच्या मर्जीने. २०२१ चा पूर ओसरल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, आता एक बोट बघाच." डिसेंबरात एका धरणाच्या बाजूला मासेमारीची जुनी १४ फुटी फायबर बोट मिळाली. रंग नवा, दर कमी. या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की काय समजायचं ते आता कळतं.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने बनवायचं दुकान. लाकूड, अॅल्युमिनियम, थोडंफार रेझिन हाताखालून जातं, म्हणून वाटलं की फायबर म्हणजे काय, डाव्या हातचा मळ. तो मळ नंतर दोन वर्षं अंगाला खाजत होता.

तुकडा फेकू नका

फाउंड्रीत ओतीव भाग तुटला की कोणी आधी वेल्डिंगची मशीन शोधत नाही. तुटलेली जागा उजेडात धरतात, दाणा बघतात. दाणा मोठा आहे का, ब्लो होल (हवा अडकून राहिलेली पोकळी) आहे का, जुनी काळी चीर आधीपासून होती का. तुकडा स्वतःच सांगतो. मी आयुष्यभर हे करत आलोय, आणि बोटीचा पहिला पॅच निघाला तेव्हा मात्र तो रागाने भंगारात टाकला. दुसऱ्या दिवशी तो भंगारातून शोधून आणला, तेव्हा खरं काम सुरू झालं.

पॅचची पाठ, म्हणजे जी बाजू बोटीला चिकटलेली होती, ती धुऊ नका, पुसू नका. आहे तशी उन्हात तिरकी धरून बघा.

पाठ काचेसारखी चकचकीत असेल, आणि बोटीवरची जागाही तशीच गुळगुळीत असेल, तर पॅच कधी चिकटलाच नव्हता. तो नुसता बसला होता. जागा नीट घासली नव्हती, किंवा तिच्यावर मेण, तेल, जुना रंग होता. इथे रेझिनला शिव्या देण्यात अर्थ नाही.

पाठीवर पांढरे, कोरडे, केसांसारखे धागे दिसत असतील तर मॅट उपाशी राहिली. रेझिन कमी पडलं, किंवा आधी जागा ओली न करता कोरड्या जागेवरच मॅट ठेवली आणि वरून ब्रश मारला. खालचा थर रेझिन पिऊन घेतो आणि मधली जागा सुकी राहते.

पाठीला बोटीचे जुने धागे, जुन्या जेलकोटचे (बाहेरच्या गुळगुळीत रंगीत थराचे) पापुद्रे चिकटून आले असतील तर तुमचा जोड चांगला होता. कमजोर आहे ते खालचं जुनं अंग. भिंतीला सिमेंट पक्कं बसलं, पण भिंतच पोकळ निघाली, तशातली गत. इथे पॅच कितीही चांगला लावा, पुढच्या वर्षी तो खालचा आणखी एक थर सोबत घेऊनच येणार.

आणि पाठ ओली असेल, बोटाला चिकट पाणी लागत असेल, व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर पाणी बाहेरून आत गेलेलं नाही, ते आतून बाहेर यायला बघतंय. सगळ्यांत जास्त लोक फसतात ते इथे, कारण बोटीत पाणी म्हटलं की माणूस नदीकडे बघतो.

एकाच जागचा पॅच दोनदा निघाला म्हणजे एकच दोष दोनदा झाला, असं धरून चालू नका. माझा पहिला पॅच पहिल्या कारणाने गेला आणि दुसरा तिसऱ्या-चौथ्या कारणाने. लांबून मात्र दोन्ही वेळा दृश्य तेच.

पहिला पॅच: आरसा

मे २०२२. चीर दिसली, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने खरवडली, थिनरच्या चिंधीने पुसली, दोन थर मॅट मारली. वरून गाडीच्या गॅरेजमध्ये वापरतात ती पुट्टी लावून गुळगुळीत केलं. दिसायला इतकं सुंदर की फोटो काढला. ऑगस्टमध्ये निघाला. पाठ चकचकीत, इतकी की तिच्यात जाळीचा बल्ब दिसत होता.

इथे चुका तीन. एक, घासणं. जुनं पॉलिएस्टर, म्हणजे बोट ज्या रेझिनची बनते ते, एकदा पक्कं झालं की नवीन रेझिन त्याच्याशी रसायनाने एकजीव होत नाही. नवं फक्त ओरखड्यांत रुतून धरतं. म्हणून ओरखडे खोल हवेत. ग्राइंडरला ३६ किंवा ४० नंबरची डिस्क लावायची आणि सगळी चमक जाऊन अंग दुधी-मॅट दिसेपर्यंत घासायचं. एक चकचकीत ठिपकाही शिल्लक ठेवायचा नाही.

दोन, क्रम. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग घासायचं, मग धूळ झाडून पुन्हा पुसायचं. उलट केलं तर जुन्या बोटीवरचं मेण-पॉलिश तुम्ही स्वतःच्या हाताने ओरखड्यांत भरता. पुसताना एका चिंधीने लावायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या चिंधीने उचलायचं. एकच चिंधी फिरवत बसलं तर मेण इकडून तिकडे जातं, जात नाही कुठेच. ॲसिटोनच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, मोकळ्या हवेत पसरून वाळवा. आणि आसपास विडी-सिगारेट, देवाचा दिवा, काही नको.

तीन, पुट्टी. गॅरेजच्या पुट्टीत टाल्कसारखी भुकटी असते आणि ती पाणी पिते. पाण्याच्या रेषेच्या वर चालेल, खाली नको. खाली एपॉक्सीची लांबी, म्हणजे एपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनची पुट्टी.

घासायच्या धुळीबद्दल एक सांगतो. मी पहिल्या दिवशी ग्राइंडर लावला तो अंगणात, दुपारी. शेजारच्या वहिनींच्या साड्या दोरीवर होत्या. संध्याकाळी त्यांनी दारात येऊन फक्त एवढंच विचारलं, "भावजी, नवीन साबण आलाय का बाजारात? आमच्याकडं सगळी खाजवायला लागल्यात." त्या आठवड्यात आमच्याकडून त्यांच्याकडे दोनदा तांबडा-पांढरा रस्सा गेला. तेव्हा आधी शेजारी सांगा, पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, चष्मा लावा, धुळीसाठी एन-९५ मास्क लावा. काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंग धुवा. गरम पाण्याने काच आणखी टोचते, असं फायबरवाले सांगतात. मी दोन्ही करून बघितलंय, गारच बरं.

दुसरा पॅच: आंबूस वास

एप्रिल २०२३ ला सगळं शहाण्यासारखं केलं. ४० नंबर, ॲसिटोन, मापात हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव). मेच्या शेवटी, बोट अजून पाण्यात गेलीही नव्हती, तोवर पॅचच्या मध्यभागी रुपयाएवढा फुगा. टाचणी मारली तर पाण्याचा बारीक फवारा थेट चष्म्यावर आला. चष्मा होता म्हणून निभावलं. फोडातलं पाणी आम्लधर्मी असतं, डोळ्यात गेलं तर खेळ नाही. तरी मी ती जागा बुजवून बोट पाण्यात ढकललीच. माणूस आशेवर जगतो. ऑक्टोबरात पॅच हातात आला, पाठीला जुने धागे, आणि वास लोणच्याच्या बरणीचा.

मग मात्र ओळखीच्या फायबरवाल्या मामांना घरी आणलं. त्यांचं आयुष्य टाक्या, दारं आणि मूर्ती करण्यात गेलंय. त्यांनी पॅच बघितला नाही, चीरही बघितली नाही. खिशातून पाच रुपयांचं जुनं, जाड नाणं काढलं आणि बोटीच्या तळावर टोकायला लागले. टण, टण, टण, थप. टण, थप, थप, थप. खडूने थपथप आवाजाची हद्द आखली, तर चीर वीतभर आणि हद्द जवळजवळ हातभर. "भावा, हिनं पाणी प्यालंय," म्हणाले. "वजन केलास काय?"

वजन! जो माणूस दिवसभर पॅटर्न आणि कास्टिंगची वजनं करतो, त्याला हे सुचलं नव्हतं. शेडमधला चेन ब्लॉक आणि लटकता काटा आणला, चार पट्ट्यांत बोट उचलली. २१२ किलो. बोट घेताना आधीच्या मालकाने दीडशेच्या आसपास सांगितली होती. त्यातलं थोडं विकणाऱ्याचं म्हणून सोडलं तरी पन्नासेक किलो पाणी मी दोन वर्षं ट्रॉलीवर लादून हिंडवत होतो.

पाणी होतं फ्लोअरच्या खाली. जुन्या बोटीत तळ आणि वरचं फ्लोअर यांच्यामध्ये पोकळी असते, बोट बुडू नये म्हणून तिच्यात पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरलेला असतो. नवा असताना हा फोम पाणी घेत नाही. वर्षानुवर्षं स्क्रूच्या भोकांतून पाणी उतरत राहिलं, फोम तुटत-भुगत राहिला की तो स्पंज होतो, आणि पाण्याला बाहेर पडायची वाट नसते. फ्लोअरचा एक चौकोन कापून आत हात घातला तर खरवसासारखा फोम, मुठीत दाबला की पाणी. त्याच्या शेजारच्या आडव्या लाकडी पट्ट्या वरून फायबरमध्ये गुंडाळलेल्या, ठणठणीत दिसायच्या. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत गेला.

आता एप्रिल-मेच्या दुपारी काय होतं ते बघा. तळ उन्हात तापतो. आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला जागा लागते, आणि तिला सगळ्यांत सोपी वाट म्हणजे माझा नवाकोरा पॅच. बाहेरून कितीही पक्कं केलं तरी आतला दाब रोज बारा ते चार ड्युटीवर हजर. शिवाय पाण्यात बुडून राहिल्याने जुन्या थरांमधली पकड गेलेली, त्यामुळे पॅचसोबत जुने धागेही उपटून आले. फोड आणि आंबूस वास यांचं कारणही तेच: पॉलिएस्टरमधून हळूहळू विरघळून निघालेले घटक आत साठतात, ते बाहेरचं पाणी ओढून घेतात, फोड फुगतो. आणि एक उलटं वाटणारं सत्य: समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा नदी-तलावाच्या गोड्या पाण्यात हे फोड जास्त येतात, कारण आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक जास्त. कोकणातून जुनी बोट आणून "तिकडं काही झालं नव्हतं हिला" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वाळवायचं म्हणजे किती वाळवायचं

पावसाळ्यात फायबर वाळत नाही. दिवाळीनंतरही सकाळचं दव असतंच. कोल्हापुरात हे काम जमतं ते फेब्रुवारी ते एप्रिल. मे धोक्याचा, कारण दुपारी चारनंतर वळीव कधी ताडपत्री उडवून नेईल ते सांगता येत नाही.

जानेवारी २०२४ ला अख्खं फ्लोअर काढलं. सगळा फोम खुरप्याने काढला, ओल्या फोमची सहा पोती झाली. कुजलेल्या पट्ट्या काढल्या. काटा: १८१. म्हणजे फ्लोअर, ओला फोम आणि लाकूड मिळून ३१ किलो गेले. उरलेलं पाणी फायबरच्या अंगात.

थपथप आवाजाची सगळी जागा ग्राइंडरने उघडली, जेलकोट काढून. फोड होते तेही उघडले. मग एक काम जे मला वेडेपणाचं वाटलं होतं: बोट वाळवायच्या आधी धुवायची. साध्या स्वच्छ पाण्याने, ब्रशने, आठवड्यात तीन-चार वेळा. फोडांतली ती आंबट चिकटी आतच राहिली तर ती परत पाणी ओढणार. धुतल्यावर वास पूर्ण गेला की मग वाळवायला सुरुवात.

बोट उताणी नको, पालथीही नको, एका कुशीवर ठेवली. दोन्ही बाजूंना वारा लागला पाहिजे. रात्री ताडपत्री, पण अंगाला चिकटून नको, बांबूवर तंबूसारखी, दोन्ही टोकं उघडी. आत जुना टेबल फॅन चालू. कोणी ब्लो टॉर्च किंवा हॉट गन सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. जुनं पॉलिएस्टर जास्त तापलं की मऊ पडून आकार सोडतं, आणि पाणी बाहेर यायच्या ऐवजी आतच वाफ होऊन थर आणखी सुटतात.

वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. दोन कसोट्या लावायच्या. पहिली, पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन घासलेल्या जागेवर चारही बाजूंनी टेपने बंद करायचा, एक दिवस ठेवायचा. आतून बाष्प धरलं तर पाणी अजून आहे. एकाच जागी करू नका, कण्याजवळ आणि मागच्या भिंतीच्या तळाशी नक्की करा, पाणी तिकडेच मुरतं. दुसरी आणि माझी लाडकी, काटा. दर रविवारी वजन करून भिंतीवर खडूने लिहायचं. १८१, १७४, १६९, १६५, १६२, १६०, १५८, १५८, १५८. तीन रविवार आकडा हलला नाही, तेव्हा प्लास्टिकही कोरडं निघालं. नऊ रविवार. या काळात मेव्हण्याचे "दाजी, झाली का?" असे किती फोन आले, ते नाही लिहिले भिंतीवर.

ज्यांच्याकडे लटकता काटा नाही त्यांनी ट्रॉलीसकट ऊस-वाळूच्या वजनकाट्यावर न्यायची असेल तर न्या, पण तो काटा पाच-दहा किलोच्या टप्प्यानेच दाखवतो. सुरुवातीचा फरक कळेल, शेवटचा नाही.

मधले उपद्रव: चिकट, पांढरं, धूर

तिसऱ्या पॅचकडे जाण्याआधी हे तीन उरकून घेऊ, कारण पॅच निघाला की लोक यांच्यावरच आळ घेतात.

पृष्ठभाग दुसऱ्या दिवशीही चिकट. आधी ॲसिटोनची चिंधी एकदा फिरवा. चिकटपणा गेला आणि खाली नख रुतत नसेल तर काही बिघडलेलं नाही. साध्या रेझिनचा हवेला लागलेला वरचा थर चिकटच राहतो, हवेतला ऑक्सिजन त्याला पिकू देत नाही. मधल्या थरांना हे सोयीचंच असतं, त्यावर पुढचा थर छान धरतो. शेवटच्या थरात मात्र मेणाचं द्रावण घालतात, किंवा वरून प्लास्टिकचा कागद दाबून बसवतात. नख रुतत असेल तर हार्डनर कमी पडलं, जुनं होतं किंवा नीट ढवळलं गेलं नाही. दोन दिवस ऊन दाखवा. तरी मऊच, तर पत्र्याने खरवडून काढा. त्यावर दुसरा थर चढवणं म्हणजे चिखलावर फरशी.

हार्डनरचं माप अंदाजाने "झाकणभर" घेऊ नका. एक किलो रेझिनला १० ते २० ग्रॅम, म्हणजे एक ते दोन टक्के. फेब्रुवारीच्या सकाळी दोनच्या जवळ, एप्रिलच्या उन्हात एकच्या जवळ. सुईविना सिरिंज घ्या. आणि हे ठळक अक्षरांत समजा: कोबाल्टचं जांभळं द्रावण (रेझिन लवकर पिकावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचं नाही. आग लागते, स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोघांना वेगळी सिरिंज, वेगळं फडताळ. हार्डनर डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं.

रोलर फिरवल्यावर मॅटमध्ये पांढरे ठिपके राहिले तर तिथे हवा आहे. ओलं असतानाच काढा. पावसाळ्यात उघडी ठेवलेली मॅट दमट होते, ती मुळातच ओलसर आणि नीट भिजत नाही. गुंडाळी प्लास्टिकमध्ये ठेवा, वापरायच्या आधी ऊन दाखवा.

डब्यातून धूर आला म्हणजे तुम्ही एकदम जास्त कालवलंत. रेझिन पिकताना स्वतः तापतं, खोल डब्यात ती उष्णता कोंडते. पसरट ट्रेमध्ये, अर्धा-अर्धा किलो कालवा.

तिसरा पॅच

एप्रिल २०२४. या वेळी पॉलिएस्टर ऐवजी एपॉक्सी घेतलं. जुन्या अंगाला त्याची पकड बरीच चांगली. महाग आहे, पण दोनदा स्वस्तात करून झालं होतं. एक फरक ध्यानात ठेवा: एपॉक्सीत हार्डनर कमी-जास्त करून वेग बदलता येत नाही. डब्यावरचं प्रमाण वजनावर, ग्रॅममध्ये, तंतोतंत. आणि नेहमीची चुरा-धाग्यांची मॅट घेऊ नका. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये (त्याला पातळ ठेवणाऱ्या द्रवात) विरघळतो, एपॉक्सीत विरघळत नाही, मॅट ताठ राहते. विणलेलं कापड वापरा.

चिरेभोवती उतार काढला. तळ साडेपाच मिलिमीटर जाड, उतार बारापट, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेसहा-सात सेंटिमीटर. पहिल्या पॅचला मी काठ सरळ ठेवला होता, पुरीवर पुरी ठेवावी तसा. उतारामुळे चिकटायला जागा कितीतरी वाढते आणि कुठे कडा उरत नाही.

वेळ निवडली दुपारी चारनंतरची. तापत्या अंगावर एपॉक्सी लावलं तर आतली हवा फुगून बुडबुडे काढते. अंग निवत असताना लावलं तर उलट आत ओढलं जातं. वळिवाचं लक्षण नसलेला दिवस बघा, एवढंच. आधी ब्रशने नुसतं एपॉक्सी, मग कापड, मग रोलर. सहा थर, तीन आज, तीन उद्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वर तुपकट साय आलेली दिसली. ही एपॉक्सीची खोड आहे, दमट हवेत जास्त. साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुऊन, वाळवून, पॉलिश पेपर मारूनच पुढचा थर. ती साय पुसली नाही तर सहा महिन्यांनी परत तुम्ही चकचकीत पाठ बघत बसाल.

चिरेचं मूळही तेव्हाच सापडलं. आधीच्या मालकाने बोट दोन टायरांवर ठेवलेली असायची, सगळा भार दोन ठिकाणी, आणि आतल्या पट्ट्या कुजलेल्या. तळ लवायचा, चीर पडायची. नवीन पट्ट्या घातल्या, आता ट्रॉलीवर कण्याखाली अख्खी लांब फळी आहे.

फ्लोअर बंद करण्याआधी गळती बघायला बोट नदीवर न्यायची गरज नाही. बोट फळीवर नीट टेकवून आत फक्त चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून खडूची भुकटी चोळा. जिथे पाझर असेल तिथे भुकटी काळपट ओढते, अगदी केसाएवढी रेघसुद्धा दिसते. चार बोटंच. काठोकाठ भरली तर त्या वजनानेच नवी चीर पडेल.

फोमच्या जागी काय

पोकळीत काहीतरी तरंगणारं हवंच, त्याशिवाय बोट पाण्यात ढकलू नका. मी मोठ्या हुशारीने थर्मोकोल आणलं, आणि ते हलू नये म्हणून वरून उरलेलं पॉलिएस्टर रेझिन ओतलं. मिनिटभरात थर्मोकोल कापूर उडावा तसं नाहीसं झालं, तळाला गुलाबी काला. स्टायरीन थर्मोकोल खातं. एपॉक्सी खात नाही, पण तोवर मला थर्मोकोलचा कंटाळा आला होता.

शेवटी खाद्यतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकणाला लांबी लावून घट्ट बंद, नायलॉनच्या जाळीत बांधले. बावीस कॅन. एक कॅन साधारण पाच किलो उचलतो, म्हणजे ११० किलो. पाण्यात बुडालेल्या फायबरचं वजन पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच राहतं, त्यामुळे पाण्याने भरलेली बोटही तरंगत राहील एवढं हे होतं. फ्लोअरला दोन गोल झाकणं ठेवली आणि मागे खाली निचऱ्याचं बूच. बोट बाहेर काढली की बूच पहिलं काढायचं. हे एक बूच आधीच्या मालकाच्या बोटीत असतं तर ही पोस्ट लिहावी लागली नसती. तरीही ही बोट वैरणीची आणि शांत पाण्याची. धारेत माणसं न्यायला घरी दुरुस्त केलेली बोट घालू नका, त्याला जवान आणि त्यांच्या बोटी असतात.

सगळं मिळून बोट भरली १७१ किलो. २०२४ च्या जुलैमध्ये पंचगंगेने परत धोक्याची पातळी ओलांडली, बोट दोन आठवडे मळ्यात होती. दिवाळीनंतर धडधडत्या छातीने काट्याला लावली: १७४. तीन किलो! मेव्हणा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नाणं घेऊन अख्खा तळ टोकला, टण टण टण. मग झाकण उघडून आत टॉर्च मारला. कॅनच्या जाळीत, कानाकोपऱ्यांत, पुराचा काळा गाळ वाळून बसला होता, आणि त्यात हरभऱ्याएवढे दोन शिंपले. पाइप लावून धुतलं, बूच काढून दोन दिवस उन्हात ठेवली, परत काट्याला लावली. १७१.